म्हादूतात्यांच्या बाजूचा ताण

आमच्या सणसरच्या घरात वारा सुटला की भांडी बोलायला लागत. सगळ्यांच्या आधी बोलायचा हंड्यावर पालथा घातलेला तांब्या. कानाशी डास यावा तसा बारीक आवाज सुरू व्हायचा. मग फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणं, मग शिंकाळ्याची कडी, आणि वारा चढला की तुळया धरून सगळं घरच गुणगुणायला लागायचं. आई भाकरी थापता थापता हात थांबवून वर बघायची आणि मी तिच्या तोंडाकडं बघायची. वर दिसण्यासारखं काही नसायचं. धुरानं काळ्या झालेल्या तुळया, त्यांच्यावर आडव्या घातलेल्या बाभळीच्या फाट्या आणि त्यांच्या फटीतून डोकावणारी माती, एवढंच. पण त्या मातीच्या वर, आमच्या डोक्यावर, काकांनी लोखंडी खांब उभा केला होता आणि त्या खांबाला धरून ठेवणाऱ्या तारा वाऱ्यात वाजत होत्या. काकांना तो आवाज कधी ऐकू आला नाही. त्यांचा एक कान फौजेतच गेला होता आणि दुसऱ्यानं ते फक्त रेडिओ ऐकत. "कुठाय आवाज? तुमच्याच कानात वारं शिरलंय," असं म्हणून ते हसायचे. आम्हाला मात्र हसू येत नसे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, धाकटे भाऊ. नाव नामदेव, पण घरात नामा. फौजेत ते बिनतारी यंत्रावर होते. परत आले तेव्हा गावातल्या लोकांना वाटलं, हा आता मळ्यात वांग्यांना पाणी द्यायला उभा राहील. ते उभे राहिलेही, पण त्यांचं मन पाटाच्या पाण्यात नव्हतं. पुढं पंचायतीला सरकारकडून रेडिओ मिळाला तेव्हा तो ठेवायचा कुठं यावर चावडीत फार बोलणं झालं नाही. नामाला त्यातलं कळतं, नामाच्या ओसरीवर ठेवा, असं ठरलं. लाकडाची मोठी पेटी, मधोमध जाळीचं कापड, आणि शेजारी दोन जडशीळ बॅटऱ्या. गावात वीज आलेली नव्हती. संध्याकाळी शेतातून माणसं परतली की आमच्या ओसरीवर आणि खाली आळीत बसायला जागा उरत नसे. बाया आमच्या माजघरात येऊन बसत. आई मोठ्या पातेल्यात गुळाचा चहा टाकायची. पुण्याहून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा, बाजारभाव सांगायचे, मग भजन. भजन लागलं की आमच्या आळीतले सगळ्यात भांडखोर लोकही मान हलवायला लागायचे. मी त्या वर्षी सातवीची परीक्षा दिली होती आणि आमच्या घरात रेडिओ आहे या एका गोष्टीवर मी वर्गात सगळ्यांच्या पुढं बसत होते.

पण आवाज नीट यायचा नाही. रेडिओची तार काकांनी आधी एका बांबूला बांधली होती. बांबू वाऱ्यानं डोलला की आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा, ऐन बाजारभावाच्या वेळी नुसती खरखर. लोक म्हणत, "नामा, तुज्या रेडिओला पडसं झालंय." काकांना ते फार लागायचं. त्यांनी ठरवलं, लोखंडाचा खांब करायचा, आजूबाजूच्या लिंबांच्या वर जाईल एवढा. बारामतीहून जुने नळ आणले, गावच्या लोहारानं ते एकात एक बसवून दिले, आणि ते धूड आळीतून घरापर्यंत आणायलाच सकाळ गेली, कारण आळीच्या वळणावर ते वळेना. शेवटी समोरच्यांच्या ओसरीतून आत घेऊन मग आमच्या दारात काढलं. त्यावरून कळेल आमच्याकडं जागा किती होती ते. पुढं आळी, मागं गोठा आणि गोठ्याला चिकटून पलीकडच्या आळीतल्या घराची भिंत. डावीकडं माणूस आडवा होऊन जाईल असा बोळ. आणि उजवीकडं म्हादूतात्यांचं घर. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, आणि वर धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दोन घरांच्या मध्ये गुडघ्याएवढा मातीचा कठडा.

एवढा उंच खांब नुसता उभा राहत नाही, त्याला तिन्ही बाजूंनी तारांनी ताणून धरावं लागतं, हे मला काकांनीच समजावलं. तारेला ते ताण म्हणायचे. ताण जितका लांब नेऊन बांधाल तितका खांब शांत उभा राहतो. "फौजेत आमाला मैदान असायचं," ते धाब्यावर उभे राहून म्हणाले, "हितं धाबं संपलं की लोकांचं घर लागतं." एक ताण मागं गोठ्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला गेला. दुसरा पुढं, ओट्याच्या कोपऱ्यातल्या दगडाला. हे दोन्ही बोळाच्या अंगाला पडत. तिसरा ताण त्यांना उलट खेचणारा हवा होता, म्हणजे तो म्हादूतात्यांच्या धाब्यावरून जाऊन त्यांच्या पलीकडच्या भिंतीत बांधायला हवा होता. काका त्यांच्याकडं गेले तेव्हा मी मागं होते. तात्या अंगणात बैलगाडीच्या चाकाला वंगण घालत बसले होते. बुटका, रुंद माणूस, बोलायला कमी.

"तात्या, एक कडी ठोकायचीय तुमच्या पलीकडच्या भितीत," काका म्हणाले. "तार तुमच्या धाब्यावरनं जाईल. कुनाच्या डोक्याला लागायची न्हाय."

"कसली कडी?"

"लोखंडाची."

"आन तार?"

"ती बी लोखंडाचीच."

"मग न्हाय," तात्या म्हणाले आणि पुन्हा चाकाकडं वळले.

"अवो, मी इजेची सोय केलीया. एक जाड तार खांबापासनं खाली भुईत पुरलीया. इज आली तरी तिच्यातनं भुईत जाईल."

तात्यांनी हातातला चिंध्यांचा बोळा खाली ठेवला. "इज काय तुज्या फौजेतली हाय व्हय, हुकूम दिला की वळायला? माझी आई त्या भितीला खाट लावून पडलीया. तिला उठता येत न्हाय. माझ्या भितीत मी लोखंड ठोकू देनार न्हाय."

काका लाल झाले. "बरं. न्हाय तर न्हाय. माझा खांब माझ्याच घरावर उभा ऱ्हाईल," असं म्हणून ते निघून आले. नंतर आबांनी, आईनं किती सांगितलं तरी ते पुन्हा विचारायला गेले नाहीत.

तात्या का नाही म्हणाले ते आईनं मला सांगितलं, चुलीपुढं बसून, आवाज बारीक करून. तात्यांना एक धाकटा भाऊ होता. दोघं पाटाचं पाणी धरत होते. धाकट्याच्या खांद्यावर फावडं. आभाळात फारसं काही नव्हतंसुद्धा. "पोरगं जळालं बी न्हवतं," आई म्हणाली. "झोपल्यावानी पडलं हुतं बांधावर. नुसतं फावड्याचं पातं निळं झालं हुतं. तात्या दोन सरींवर हुते." मग ती म्हणाली, "त्यास्नी इजेचं भ्या हाय. मला न्हाय. मला त्या लोखंडाच्या वजनाचं भ्या वाटतंय. ही तुळई माज्या लग्नाच्या आधीची हाय." तेव्हा आईला दिवस गेलेले होते आणि ती बोळाकडच्या खोलीत झोपायची. खांब कलंडला तर तो म्हादूतात्यांच्या विरुद्ध बाजूला, त्याच खोलीवर येणार, हे सांगायला कुणी फौजेतला माणूस लागत नव्हता.

काकांनी खांब उभा केलाच. बुडाला फुटक्या जात्याची तळी ठेवली, तिच्या भोकात नळाचं टोक बसवलं, भोवती दगड आणि माती चेपली. तिसरा ताण त्यांनी आमच्याच हद्दीत, कठड्याच्या अलीकडं मेख ठोकून बांधला. तो खांबाच्या इतक्या जवळ होता की तार जवळजवळ सरळ वर जायची. खेचायची कमी आणि दाबायची जास्त. काकांना ते कळत नव्हतं असं नाही. ते रोज सकाळी वर जाऊन मेखेला पाय लावून बघत आणि खाली येऊन मोठ्यानं म्हणत, "फस्क्लास हाय." ते इतक्या मोठ्यानं म्हणत की आई आणखीनच भ्यायची. रेडिओ मात्र खरंच स्वच्छ ऐकू यायला लागला. कळंबहून माझे मामा मुद्दाम ऐकायला आले आणि जाताना खांबाकडं मान वर करून बघत बघत ओट्यावरून पडता पडता राहिले. लोक खूष होते. आम्ही मायलेकी तेवढ्या भीत होतो. आई झोपताना कूस बदलून भिंतीकडं सरकायची. मी शाळेतून येताना लांबूनच लिंबांच्या वर खांबाचं टोक दिसतंय का ते बघायची. दिसलं की जीव खाली पडायचा, आणि जवळ आलं की पुन्हा वर चढायचा.

आता त्याच गावठाणाच्या मागं मोबाईलचा मनोरा उभा आहे, आमच्या खांबाच्या कितीतरी पट उंच. त्याला ताण नाहीत, तो आपल्या चार पायांवर उभा आहे. माझी नात त्याच्या पायथ्याशी उभी राहून फोनवर बोलते. मी तिला लांबून हाका मारते. ती म्हणते, आजी, त्याला काय होतंय? काय सांगू तिला? त्याला काही होत नाही. मला होतं.

चैत्र सरत आला होता. बाजारचा दिवस होता. आबा काकड्यांची गाडी घेऊन पहाटेच बारामतीला गेले होते आणि बॅटऱ्या भरून आणायच्या म्हणून काकाही बरोबर होते. आईला नववा नुकताच लागला होता, त्यामुळं कुणाला काळजी नव्हती. आम्ही दोघींनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, ताक प्यायलो. आई भांडी घासायला बसली आणि बसल्या जागी तिनं दोन्ही हातांनी उखळ धरलं. तोंडातून आवाज नाही, फक्त कपाळावर घाम. "इंदे," ती म्हणाली, "हौसाकाकीला बोलाव. पळ."

हौसाकाकी म्हणजे म्हादूतात्यांची बायको. पुरुषांचं बोलणं बंद झालं तरी बायकांचं कधी बंद झालं नव्हतं, आणि आमच्या आळीतली निम्मी पोरं काकीच्या हातांवरच जन्माला आली होती. ती हात पुसत आली, आईला आधार देऊन बोळाकडच्या खोलीत घेऊन गेली. मला म्हणाली, "पानी ठेव चुलीवर. आन घाबरू नगंस, येळ हाय अजून." पण वेळ नव्हता. आईचं कण्हणं लवकरच बदललं. मी चुलीत काटक्या सारत होते आणि त्याच वेळी बाहेरचा उजेड पिवळा झाला. दारातून पाहिलं तर आळीतली कोंबडी खुराड्याकडं धावत होती आणि आकाशात इंदापूरच्या अंगाला मातीची भिंत उभी राहिल्यासारखं दिसत होतं. मग धूळ आली. समोरचं घर दिसेनासं झालं. आणि तांब्या बोलायला लागला.

तांब्या, झाकणं, कडी, तुळया. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तो गुणगुणणं राहिला नव्हता, कुणी दात आवळून रडावं तसा येत होता. मी चुलीपुढं कानांवर हात ठेवून बसले, आणि हातांतूनही तो येत होता. आतून आईची किंकाळी आली. आणि मग एकदम सगळी भांडी गप्प झाली.

वारा थांबला नव्हता. बाहेर तो तसाच घोंघावत होता. फक्त भांडी गप्प झाली होती. आणि त्या जागी दुसरा आवाज आला, कुणी रिकामं जातं ओढतंय तसा. घर्र करून थांबायचा, पुन्हा घर्र.

"इंदे!" काकी आतून ओरडली. "वरनं माती पडतीया! बघ काय झालंय ते!"

मी खोलीच्या दारात गेले. आई जमिनीवर वाकळेवर होती, काकी तिच्यावर अंग घालून वाकली होती आणि काकीच्या पाठीवर, केसांवर माती पडत होती. आईनं माझ्याकडं पाहिलं, माझ्याकडं नाही, वर तुळईकडं पाहिलं. "आईला भाईर नेऊ या," मी म्हणाले. काकीनं मान न वळवता सांगितलं, "आता हिला उठवता यायचं न्हाय. डोकं दिसतंय. जा, आमच्या ह्यास्नी बोलाव. म्हनावं, असंल तसं या."

गोठ्यातल्या शिडीवरून मी आधी धाब्यावर डोकं काढलं. तिसऱ्या ताणाची मेख कठड्याचं ढेकूळ घेऊन उपटून आली होती. तार मेखेसकट हवेत फटकारे मारत होती. खांब बोळाकडं कलला होता, दुसरे दोन ताण ढिले पडून लोंबत होते, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी तो आणखी झुकायचा, क्षणभर तिथंच थरथरायचा आणि थोडासाच परत यायचा. बुडाखालची जात्याची तळी सरकत होती. मी शिडीवरून उतरले की पडले ते आठवत नाही. म्हादूतात्यांच्या घरात शिरले.

तात्या आतल्या खोलीत आईच्या खाटेशी, जमिनीवर बसले होते. म्हातारीचा हात त्यांनी धरला होता. दार उघडल्यावर धूळ आत आली तसे ते दचकले.

"तात्या, खांब कलंडलाय. आईवर येतोय. काकीनं बोलावलंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ते रागावतील, म्हणतील, तुझ्या काकाला सांगितलं होतं. ते तसं काही बोलले नाहीत. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. बाहेर गडगडलं तसा त्यांचा खांदा उडाला. "पोरी," ते म्हणाले, "माजा पाय उचलत न्हाय."

"म्हादू, जा की रं," म्हातारी खाटेवरून म्हणाली. तात्या हलले नाहीत.

मला त्यांचा राग आला नाही. हे मी आज शहाणपणानं म्हणत नाही, तेव्हाही आला नव्हता. मोठा माणूस माझ्याइतकाच भ्यालेला पाहून मला एवढंच कळलं की आता दुसरं कुणी येणार नाही.

गोठ्यात विहिरीचा जुना दोर गुंडाळून ठेवलेला असायचा. तो खांद्यात अडकवला, एक गोणपाट घेतलं आणि वर चढले. खांबाला खालीच दोर बांधून उपयोग नव्हता. खांब वरून धरणारी ती सुटलेली तारच पकडायला हवी होती, आणि ती लोखंडाची होती. आकाशात अजून पाऊस नव्हता, नुसत्या विजा होत्या, लांब, पाटाच्या पलीकडं. प्रत्येक विजेला मला निळं पातं दिसायचं. मी ते कधी पाहिलं नव्हतं, तरी दिसायचं. तार माझ्या समोरून दोनदा गेली आणि मी दोन्ही वेळा हात मागं घेतला. मग खालून आईचा आवाज आला. तो शब्द नव्हता. मी गोणपाट पसरून तारेवर टाकलं आणि त्याच्यावर पालथी पडले. छातीखाली तार वळवळली आणि थांबली. मेखेच्या कड्यातून दोर ओवला, विहिरीवर बादलीला मारतो तशी गाठ मारली, आणि दुसरं टोक घेऊन कठडा ओलांडला.

त्या कठड्यापलीकडं आम्ही पोरं कधी पाय ठेवत नव्हतो. तात्यांचं धाबं संपेपर्यंत मी पळाले, दोराचं टोक त्यांच्या अंगणात फेकलं आणि उरलेला दोर दोन्ही हातांत धरून, पलीकडच्या कठड्यावरून पाय बाहेर सोडून, टाचा भिंतीला रेटून बसले. वाऱ्याचा झोत आला. दोर माझ्या हातांतून सरकला आणि तळव्यांची साल घेऊन गेला. मी पुन्हा आवळून धरला. खांब मागं दिसत नव्हता, फक्त दोरातून कळायचा, गळाला मोठा मासा लागल्यावर कळतो तसा. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते मला माहीत नाही. हौसाकाकीनं नंतर सांगितलं की मी नुसतं "तात्या, तात्या" करत होते.

खाली अंगणात दोराचं टोक सापासारखं उडत होतं. तिथंच त्यांची बैलगाडी उभी होती, शेणखतानं काठोकाठ भरलेली, बैल सोडलेले. दार उघडलं. तात्या डोक्यावर पोतं घेऊन बाहेर आले आणि उंबऱ्याबाहेर एका पावलावर उभे राहिले. त्यांनी दोराकडं पाहिलं, मग वर माझ्याकडं, मग आकाशाकडं. तेवढ्यात वीज चमकली, जवळ. तात्या मटकन खाली बसले. दोन्ही हातांनी पोतं डोक्यावर आवळून. मला वाटलं, संपलं. माझ्या हातांत जीव राहिला नव्हता.

आणि मग ते तसेच, बसल्या बसल्या, रांगत निघाले. मी अंगणात एक बुटका, रुंद, म्हातारपणाकडं झुकलेला माणूस पोरासारखा रांगताना पाहिला. त्यांनी दोराचं टोक पोत्यातून धरलं, उघड्या हातानं नाही. गाडीच्या चाकातून घेतलं, आसाला वेढा घातला, आणि उठून उभे राहून सगळं अंग मागं टाकलं. दोर ताठ झाला. माझ्या हातांतलं ओझं एकदम गेलं. मी मान वळवली तर खांब हळूहळू, कण्हत, सरळ होत होता.

"गाठ मारली!" ते खालून ओरडले. "तू खाली उतर आता!"

मी उतरले नाही. पाय उचलत नव्हते. आणि गाठ मारूनसुद्धा तात्यांनी दोर सोडला नाही. गारा पडायला लागल्या, त्यांच्या पोत्यावर, माझ्या पाठीवर, शेणखतावर, तरी ते चाकाला पाय लावून दोर धरून उभे होते, डोळे गच्च मिटून. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. गारांच्या आवाजात आधी ऐकूच आलं नाही. मग बोळाकडून एक बारीक, रागावलेलं रडणं आलं. हौसाकाकी ओट्यावर येऊन ओरडली, "पोरगी झाली!"

तात्यांनी डोळे उघडले. "वैनी बरी हाय का?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय! दोघी बऱ्या हायती!"

तेव्हा कुठं त्यांनी दोर सोडला.

आबा आणि काका दिवेलागणीला आले. वादळ त्यांना वाटेत लागलं होतं, गाडी ओढ्याकाठी थांबवावी लागली होती. माझे हात हळद-तेल लावून बांधले होते. आबा आईजवळ जाऊन बसले. काका सरळ वर गेले. उपटलेली मेख, सरकलेली तळी, कठड्यावरून म्हादूतात्यांच्या अंगणात गेलेला दोर, सगळं त्यांनी पाहिलं आणि तिथंच बसून राहिले. त्या दिवशी रेडिओ लावला नाही. लोक आले आणि आळीतूनच परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पक्कड आणि पहार घेऊन वर चढायला निघाले, खांब काढायला. "बायकापोरांच्या डोक्यावर मी हे उभं केलं," ते आबांना म्हणाले. काकांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

ते शिडीला हात लावतात तोच म्हादूतात्या गोठ्यात आले. हातात लोहाराकडून आणलेली कडी होती, मनगटाएवढी जाड.

"कुठं ठोकायची ते दाव," ते म्हणाले.

काकांनी शिडीवरचा हात काढला. "तात्या, मी तर काढायला निगालो. आन तुमाला इजेचं..."

"भ्या हाय की. ते जायाचं न्हाय." तात्यांनी कडी या हातातून त्या हातात घेतली. "पर तुज्या मेखेचं मला काय ठावं हुतं? ती सुटली तवाच कळलं. माज्या भितीत असली तर मी रोज हात लावून बघीन. म्हातारीची खाट मी अलीकडं सरकावलीया. चल."

आई आतून बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली, "भावजी, तात्या म्हनत्यात तर नीट रोवा. पर बूड आधी बगा." म्हणजे तिलाही तो नकोच होता असं नाही. तिला तो पडायला नको होता.

त्या दोघांनी मिळून खांब नव्यानं उभा केला. तिसरा ताण म्हादूतात्यांच्या धाब्यावरून, लांब, तिरका, त्यांच्या पलीकडच्या भिंतीतल्या कडीपर्यंत गेला. मी तो खालून पाहिला आणि मला पहिल्यांदा कळलं की काका मैदान मैदान का म्हणत होते. खांब आता दुसऱ्याच माणसासारखा उभा होता.

पुढं काही दिवसांनी, दुपार कलताना, वारा सुटला. धाकटीला पाजायला घेऊन आई भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी वांगी चिरत होते. वर आवाज सुरू झाला, तोच, बारीक. आईचे खांदे आवळले. धाकटीच्या तोंडातून दूध सुटलं आणि ती कुरकुरली. मी चिरायची थांबले. वारा वाढला. तेवढ्यात मधल्या भिंतीवर पलीकडून थाप पडली, मग दुसरी.

"वैनी," म्हादूतात्यांचा आवाज आला. भिंत जाड होती, तरी तो स्पष्ट ऐकू आला. "कडी घट हाय. मी आत्ता वर जाऊन हात लावून आलो."

त्यांचा आवाज कापत होता. या वाऱ्यात ते वर गेले होते.

"बरं, तात्या," आई मोठ्यानं म्हणाली. मग धाकटीला खांद्यावर घेत, मला ऐकू येईल एवढंच हळू म्हणाली, "लई भ्यालेत बघ ते. जा, त्यास्नी घोटभर चहा नेऊन दे."